हळूहळू फेडण्याचा हक्क : कर्ज-सल्ल्याचा आपला इतिहास

मनुस्मृतीतले शूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षांचे श्लोक आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. आठव्या अध्यायातला कर्जाचा भाग मात्र फारसा कोणी वाचत नाही. तिथे महिन्याला शेकडा व्याज किती घ्यावे हे वर्णाच्या क्रमाने सांगितले आहे. ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. वर्षाचा हिशेब मांडला तर ब्राह्मणाला २४ टक्के आणि शूद्राला ६० टक्के. त्याच अध्यायात मुद्दलाच्या दुपटीपलीकडे वसुली जाऊ नये अशी मर्यादाही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हीच ती दामदुपट. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातली न्यायालये ती मानत होती.

पण माझ्या दृष्टीने व्याजदरापेक्षा महत्त्वाचा नियम थोडा पुढे येतो. कर्जदाराला पैसे देता आले नाहीत तर काय करायचे? तो सावकाराच्या बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा असेल, तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडायचे. वरच्या जातीचा असेल, तर त्याने हळूहळू फेडावे.

हे ‘हळूहळू’ नीट लक्षात घ्या. आज ज्याला कर्ज-समुपदेशन किंवा कर्ज-सल्ला म्हणतात, त्याचा गाभा एवढाच आहे. माणसाचे उत्पन्न किती, पोटाला किती लागते, उरलेल्यातून किती हप्ता झेपेल हे पाहायचे आणि मुदत वाढवून घ्यायची. थोडक्यात, माणूस जगत जगत कर्ज फेडू शकला पाहिजे. धर्मशास्त्राने ही सवलत वरच्यांसाठी राखून ठेवली आणि खालच्यांच्या वाट्याला वेठ दिली. म्हणून कर्ज-सल्ला हा बँकांच्या माहितीपत्रकातला गुळगुळीत विषय समजून आपल्या चळवळीने बाजूला ठेवू नये, असे मला वाटते. तो आपल्या हक्कांच्या यादीतला विषय आहे.

भगवान बुद्धांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहिले. अंगुत्तर निकायातल्या इण सुत्तात कर्जाच्या दुःखाची साखळी दिली आहे. आधी दारिद्र्य, मग कर्ज, मग त्यावरचे व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला दारात बसलेला ज्याने पाहिला आहे, त्याला ही सहा पावले समजावून सांगावी लागत नाहीत. त्याच निकायात अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ‘अनणसुख’, म्हणजे ऋणमुक्त असण्याचे सुख, वेगळे मोजले आहे. इण सुत्ताची साखळी दारिद्र्यापासून सुरू होते, उधळपट्टीपासून नाही. आपल्याकडचे अर्धे उपदेशक इथेच घसरतात.

याचा पुरावा हवा असेल तर १८७५ मध्ये जावे लागेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सरकारी कागदांत याला ‘डेक्कन रायट्स’ म्हटले गेले. पण लोकांनी मागितले काय, तर कर्जरोखे आणि वह्या. हाती आलेले कागद जाळले. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे झाले. राग कागदावर होता, कारण त्या कागदात काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते आणि न्यायालय मात्र तोच कागद खरा मानत होते.

दंग्यानंतर सरकारने आयोग नेमला. कर्जबाजारीपणाचे खापर शेतकऱ्याच्या लग्न-सणांवरच्या खर्चावर फोडण्याची तेव्हाही रीत होती. आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेल्याचे नोंदवले. सारा भरण्यासाठी, बियाण्यासाठी, दुष्काळात पोटासाठी घेतलेल्या छोट्या रकमा व्याजाने फुगत जातात, असे चित्र त्या चौकशीतून पुढे आले. साहेबांच्या आयोगाने १८७० च्या दशकात जे पाहिले, ते आज आपल्यातल्या सुशिक्षितांना दिसत नाही. बस्तीत एखादे घर कर्जात बुडाले की पहिला शेरा ठरलेला असतो : लग्नात डीजे लावला होता ना, भोगा आता.

१८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. आपल्या प्रदेशातल्या कर्ज-सल्ल्याचा कायदेशीर इतिहास मी इथून मोजतो. या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. रोख्यावर ५०० रुपये लिहिले म्हणून ५०० खरे असे नाही. पहिली रक्कम किती दिली होती, व्याज कसे चढले, जुन्या रोख्याचे नव्या रोख्यात रूपांतर करताना किती वाढवले, हे सगळे मुळापासून उकरायचे. ऐपत पाहून हप्ते बांधून द्यायचे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. मागणी केल्यास सावकाराने पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक द्यायचे. गावपातळीवर निबंधक नेमायचा आणि शेतकऱ्याचे रोखे त्याच्यासमोर लिहायचे.

हे वाचताना मला दर वेळी नवल वाटते. जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात पासबुक आहे, आणि आजही आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या बायकांकडे आपल्या कर्जाचा एकही कागद नसतो.

याच कायद्यात ‘कन्सिलिएटर’ नावाचा माणूस होता. सलोखा घडवणारा. सावकाराला दावा लावायचा असेल तर आधी त्याच्यासमोर जायचे. तडजोड झाली तर उत्तम, नाही तर त्याचा दाखला घेऊन न्यायालयात. पोलीस सोडून कोणालाही सरकार या कामावर नेमू शकत होते. कल्पना चांगली होती, पण ती फसली. कशामुळे, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

समोरच्याला हजर करण्याची सक्ती कन्सिलिएटरला करता येत नव्हती. आणि बहुतेक वेळा त्याच्या दारात आधी येणारा सावकारच असे, कारण दाखल्याची गरज त्यालाच होती. तडजोडीचा कागद न्यायालयात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचे बळ येई. म्हणजे हिशेब मुळापासून उकरण्याची जी मोठी सोय कायद्याने न्यायाधीशाकडे दिली होती, ती तडजोडीच्या वाटेने टाळता येत होती. दबलेला माणूस ‘हो’ म्हणाला की झाली तडजोड. शिवाय असा माणूस निवडताना सरकार गावातल्या प्रतिष्ठितांकडेच पाहणार. ज्याच्या ओसरीवर अस्पृश्याला चढता येत नाही, त्याच्यासमोर अस्पृश्य कर्जदार आपले गाऱ्हाणे कसे मांडणार?

मध्यस्थ आणि सल्लागार यांच्यातला फरक इथे आहे. मध्यस्थ दोघांच्या मध्ये बसतो. सल्लागार कर्जदाराच्या बाजूला बसतो, त्याच्या वतीने वही वाचतो आणि मगच बोलणी सुरू करतो. दोन बाजू सारख्या ताकदीच्या असतील तर मध्यस्थ चालतो. सावकार आणि मजूर, वित्तसंस्था आणि धुणीभांडी करणारी ताई, यांच्या मध्ये बसणारा माणूस कितीही सज्जन असला तरी शेवटी वजनदार बाजूकडे कलतो.

जोतीराव फुले हे त्याच काळात आणि त्याच प्रदेशात पाहत होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. भट, सावकार आणि सरकारी कारकून यांची साखळी कशी चालते, निरक्षर माणूस तिच्यात कसा अडकतो, हे त्यात तपशिलाने आले आहे. मला इथे जोतीरावांच्या दुसऱ्या एका कामाकडे लक्ष वेधायचे आहे. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय, अल्प खर्चात सत्यशोधक विवाह सुरू झाले. लग्नात खर्च करू नका असे व्याख्यान देऊन ते थांबले नाहीत. कमी खर्चाचे लग्न प्रतिष्ठेने कसे लावायचे याची पद्धत त्यांनी हातात दिली. खर्च कमी करण्याचा सल्ला द्यायचा तर तो असा द्यावा. पुढे आपल्या बौद्ध विवाहविधीनेही हेच केले होते. आता आपणच त्याला मंडप, ड्रोन आणि प्री-वेडिंगचे शूटिंग जोडतो आहोत, तो विषय वेगळा आहे आणि त्यावर एकदा स्वतंत्र भांडायला हवे.

बाबासाहेबांच्या घराला गहाणवट ठाऊक होती. भीमरावांना हवी ती पुस्तके आणण्यासाठी रामजी सुभेदार लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून घेत, सावकाराकडे ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. कर्ज घेणेच वाईट, हा उपदेश म्हणूनच आपल्याला लागू पडत नाही. ज्याच्याकडे पिढ्यान् पिढ्या भांडवल साठू दिले नाही, तो कर्जाशिवाय वर कसा येणार? प्रश्न असतो कर्ज कशासाठी, कोणत्या दराने, आणि अडलो तर कोणत्या वागणुकीने.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या छोट्या शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा छोटा आहे हा मूळ रोग नाही, शेतीत भांडवल नाही आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणून त्यांनी उद्योगीकरण सुचवले. गरिबाच्या स्वभावात दोष न शोधता व्यवस्थेत शोधायचा, ही त्यांची शिस्त. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा त्याच्या जाहीरनाम्यात भू-तारण बँका आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था होत्या. १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा. या सगळ्यांत कर्जदाराला दोष देणारा एक शब्द नाही.

१९३९ मध्ये मुंबई प्रांतात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि कर्ज ठरवून देणारी मंडळे आली. १९४७ च्या कायद्याने ते काम न्यायालयांकडे गेले. मग १९७५. आणीबाणीच्या काळात महाराष्ट्राने कर्जमुक्तीचा कायदा केला. अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांची सावकारी कर्जे त्याने रद्द ठरवली आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. तो निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिला. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर वेठीमागचे कर्जच नष्ट झाल्याचे जाहीर केले. मनूने जे लिहिले होते, कर्ज अंगमेहनतीने फेडावे, ते अखेर स्वतंत्र भारतात गुन्हा ठरले.

हे मोठे कायदे होते आणि त्यांचे मोल कमी करायचे नाही. पण असा कायदा एका तारखेला जुनी वही बंद करतो. दुसऱ्या दिवशी घरात आजारपण आले तर माणूस कोणाकडे जाणार, याचे उत्तर त्यात नव्हते. तो पुन्हा त्याच दारात गेला आणि सावकाराने या वेळी कागद न करता पैसे दिले.

एकविसाव्या शतकात रिझर्व्ह बँकेने या प्रश्नाला हात घातला. विदर्भातल्या आत्महत्यांनी देश हादरला होता. बँक ऑफ इंडियाचे ‘अभय’, आयसीआयसीआयचे ‘दिशा’ अशी सल्ला केंद्रे निघाली. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘वित्तीय साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रां’ची नमुना योजना काढली. अडचणीतल्या कर्जदाराला मोफत सल्ला आणि त्याच्या वतीने बँकेशी बोलणी, अशी अपेक्षा होती. २०१२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत या केंद्रांचे नाव बदलले. ती फक्त ‘वित्तीय साक्षरता केंद्रे’ झाली. कर्ज समुपदेशन हे शब्द पाटीवरून गेले. आता तिथे बचतीचे फायदे, विमा, पेन्शन, एटीएमचा पिन कोणाला सांगू नका, हे शिकवतात. वाईट काही नाही. पण बुडणाऱ्या माणसाला पोहण्याचे फायदे सांगून काय उपयोग? आणि हेही विचारले पाहिजे की बँकेनेच चालवलेले केंद्र त्याच बँकेच्या विरुद्ध कर्जदाराच्या बाजूला कितीसे बसेल. १८७९ चा कन्सिलिएटर सावकाराच्या पगारावर तरी नव्हता.

आता आजच्या बस्तीकडे येऊ. आम्ही काही जण रविवारी विहारात वंदनेनंतर टेबल मांडून बसतो. तिथे आलेल्या एका ताईंचा हिशेब, ओळख पटणार नाही एवढ्या बेताने सांगतो. ताई चार घरची कामे करतात, महिन्याला ११,००० मिळतात. नवरा टेम्पोवर हमाल, चांगल्या महिन्यात ९,०००. तीन गटांची कर्जे, त्यांचे हप्ते २,३५०, २,१०० आणि १,९००. मोबाईलचा हप्ता १,२५०. आणि नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी गल्लीतल्या एकाकडून ‘दहा टक्क्याने’ २०,०००. त्याचे फक्त व्याज महिन्याला २,०००. एकूण ९,६००.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम सांगतात की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मायक्रोफायनान्स कर्ज देताना सगळे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत राहिले पाहिजेत. कागदावर ताई या मर्यादेत बसतात, कारण गल्लीतला सावकार कोणत्याही संगणकात नोंदलेला नाही आणि नवऱ्याचे वाईट महिने अर्जात लिहिलेले नाहीत. प्रत्यक्षात एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचल, असा फेर चालू होता. दहा टक्केवाल्याला चौदा महिन्यांत २८,००० दिले होते आणि मुद्दल जसेच्या तसे २०,००० उभे होते. ताई म्हणाल्या, “मला वाटायचं, फिटत आलं असेल.”

सल्ला म्हणजे काय केले? पहिला दिवस नुसते कागद गोळा करण्यात गेला. मग एका वहीत सगळी कर्जे लिहिली : कोणाचे, किती घेतले, किती दिले, किती उरले, अडल्यास काय होईल. हे एकत्र लिहिलेले ताईंनी आयुष्यात प्रथम पाहिले. नवऱ्याने तर दोन कर्जांचे नावही ऐकले नव्हते, त्यावरून घरात जे झाले तेही आम्हाला निस्तरावे लागले.

मग दर. आपल्या तरुणांना हे गणित आलेच पाहिजे. १०,००० रुपयांवर ‘सरळ’ १२ टक्के म्हणजे वर्षाला १,२०० व्याज, बारा हप्ते प्रत्येकी सुमारे ९३३ रुपये. ऐकायला स्वस्त वाटते. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण १०,००० वरच धरलेले असते. घटत्या शिल्लकीवर काढले तर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. आणि दहा टक्केवाल्याचा दर वर्षाला १२० टक्के. मनूने शूद्राला लावला त्याच्या बरोबर दुप्पट.

या दहा टक्केवाल्याकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती, बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार पोलिसांकडे करता येते, तशी तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहायक निबंधकाकडेही करता येते. सावकारीत हडपलेली जमीन किंवा घर पंधरा वर्षांच्या आत अर्ज केल्यास जिल्हा निबंधक परत मिळवून देऊ शकतो. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? ताईंचा अर्ज गेला तेव्हा तो माणूस कोरा सही केलेला स्टँप पेपर स्वतः आणून देऊन गेला. व्याज बंद झाले.

गटांच्या कर्जांचे तसे नसते. ती कायदेशीर आहेत आणि फेडायची आहेत. पण तिथेही नियम आहेत. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. वसुली ठरलेल्या जागीच, आणि लागोपाठ दोनदा माणूस आला नाही तरच घरी जायचे. दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कार्ड द्यायचे. शिवाय अडचणीतला कर्जदार ओळखून त्याला मार्ग सांगण्याची व्यवस्था संस्थेनेच ठेवायची. आम्ही लेखी अर्ज केला : ऑपरेशनचे कागद, उत्पन्नाचा हिशेब, झेपेल तो हप्ता. एका संस्थेने मुदत वाढवली. दुसरीने साफ नाकारले. तिसरीने दोन महिने पत्राला उत्तरच दिले नाही. संस्थेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत जाता येते, तिथे गेलो. ताई अजून फेडताहेत, पण नवी उचल थांबली आहे.

दोन गोष्टी विसरू नका. गटकर्जासोबत बहुधा विम्याचा हप्ता कापलेला असतो. नवरा वारला की त्या विम्यातून कर्ज मिटायला हवे, पण विधवा बाई माहीत नसल्याने हप्ते भरत राहते. मृत्यूच्या घरी सांत्वनाला जाल तेव्हा कर्जाचे कार्ड मागून पाहा. दुसरे म्हणजे चेक. पैसे नसल्यामुळे कर्ज न फिटणे हा फौजदारी गुन्हा नाही. नुसत्या असमर्थतेसाठी कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच, जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात, स्पष्ट केले आहे. पण दिलेला चेक वटला नाही तर मात्र फौजदारी खटला होऊ शकतो. कोऱ्या चेकवर सही करणाऱ्याला आधी अडवा.

यातून सल्ल्याची मर्यादाही दिसते. ज्याच्या घरात पोटापुरतेही येत नाही, त्याला कितीही हप्ते बांधून दिले तरी काय उपयोग? शून्यातून हप्ता निघत नाही. इथे कायदाच हवा. याबाबत दक्षिण आफ्रिकेकडे पाहण्यासारखे आहे. वर्णभेद संपल्यावर त्या देशात काळ्या कामगारांना कर्ज देणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. २०१२ मध्ये मारिकाना इथे संपावरच्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या संपाच्या मुळाशी पगार होता, आणि अनेकांचा पगार हाती येण्याआधीच कर्जापोटी कापला जात होता ही गोष्ट तेव्हा जगासमोर आली. तिथल्या २००५ च्या राष्ट्रीय कर्ज कायद्याने कर्ज-सल्लागार हे नोंदणीकृत पद निर्माण केले. माणूस सल्लागाराकडे गेला की सल्लागार सगळ्या धनकोंना कळवतो, आणि छाननी चालू असताना ठरावीक काळ वसुलीची कारवाई करता येत नाही. नवा हप्ता दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने ठरतो. ऐपत न पाहता बेफिकीरपणे दिलेले कर्ज न्यायालय रद्दही करू शकते. म्हणजे घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही जबाबदारी.

तिथेही सगळ्यात गरीब बाहेर राहिला, कारण सल्लागाराची फी आणि हप्त्यापुरती शिल्लक दोन्ही त्याच्याकडे नाही. त्याच्यासाठी २०१९ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली आणि अंमलात यायची राहिली. हसू नका, आपले तसेच आहे. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. वर्षाचे उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे कर्ज माफ करून त्याला पुन्हा उभे करणारी. कंपन्यांसाठी हीच संहिता धडाक्यात चालू आहे. हजारो कोटींच्या कर्जांवर पाणी सोडून सौदे होतात आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. गरिबाचा भाग मात्र अजून लागू केलेला नाही. ‘हळूहळू’ची सवलत आजही कोणाच्या वाट्याला आहे, ते यावरून कळते.

आपल्या चळवळीत यावर दोन आक्षेप ऐकू येतात. एक, हे एनजीओचे काम आहे, आपण कर्जमाफी मागावी. कर्जमाफी मागूच. पण माफी बहुधा बँकेच्या पीककर्जाला मिळते आणि आपल्या बहुसंख्य बायकांच्या नावावर सातबाराच नाही. ‘नवी सुरुवात’ लागू करा, पाटीवरून गेलेले समुपदेशन परत आणा आणि ते बँकांपासून स्वतंत्र ठेवा, या मागण्यांचे निवेदन कोणत्या संघटनेने आजवर दिले? अशा मागण्या टेबलावर बसल्याशिवाय सुचतही नाहीत. दुसरा आक्षेप, लोक फुकट सल्ल्याचा फायदा घेऊन कर्ज बुडवतील. माझा अनुभव उलटा आहे. आमच्याकडे येणारी बाई पहिले वाक्य हेच बोलते की मला बुडवायचे नाही. तिला गटातल्या इतर नऊ जणींच्या तोंडाकडे पाहवत नाही, कारण तिचा हप्ता त्या भरतात. म्हणून आता आम्ही एकटीला न बोलावता शक्य तिथे पूर्ण गटालाच बोलावतो. तसे केले की भांडण आपसांत न राहता कागदावर येते.

आमचे टेबल अगदी साधे आहे. वही, कॅल्क्युलेटर, अर्जाचे चार नमुने, रिझर्व्ह बँकेच्या नियमांची मराठी पाने आणि विधी शाखेत शिकणारी एक मुलगी. शेजारी एक वयस्क उपासिका बसतात, कारण बायका पुरुषासमोर कर्जाची खरी रक्कम सांगत नाहीत. वहीच्या प्रत्येक पानावर पहिला रकाना घरच्या किराण्याचा आहे, दुसरा औषधांचा, तिसरा मुलांच्या फीचा. सावकाराचा आणि कंपनीचा रकाना चौथा.